वाजवलं कोणी? जुन्या हिंदी गाण्यांचे हक्क असलेल्या संगीत कंपन्यांना आणि ती गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपचालकांना खुलं पत्र

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी ठाण्यात राहते आणि जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांचं निवेदन करते. गडकरी रंगायतन, पार्ल्याचं दीनानाथ, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, बोलावणं आलं तर पुण्याचं टिळक स्मारक. ज्या गाण्यांचे हक्क तुमच्या कपाटात आहेत ती गाणी आमचे कलाकार परवान्याचे पैसे भरून रंगमंचावर वाजवतात आणि दोन गाण्यांच्या मधल्या वेळात मी त्या गाण्याची गोष्ट सांगते. माझं पोट त्यावर चालतं. तुमच्याकडची माहिती अपुरी असली की माझं काम अडतं, म्हणून आधी हे सांगून टाकलं.

पत्र लिहायला निमित्त झालं ते असं. अलीकडे तुमच्यापैकी काहींनी गाण्याखाली श्रेयांचं पान सुरू केलं. गाण्यावर बोट ठेवलं की गायक, गीतकार, संगीतकार, कंपनी अशी नावं उघडतात. मला फार आनंद झाला. एका कार्यक्रमाच्या तयारीसाठी पन्नाशीच्या दशकातलं एक गाणं उघडलं, कारण त्यातल्या ट्रंपेटबद्दल मला बोलायचं होतं. चार नावं होती, ट्रंपेटवाला नव्हता. अरेंजरही, म्हणजे गाण्यातल्या वाद्यांची रचना लिहिणारा संगीत संयोजकही, नव्हता. त्याच यादीत खाली त्याच गाण्याची 'लो-फाय' आवृत्ती होती. मूळ ध्वनिमुद्रण मंद करून त्याखाली पावसाचा आवाज टाकलेला. तिथे ते मंद करणाऱ्या मुलाचं नाव ठळक अक्षरात होतं. त्या मुलावर माझा राग नाही. त्यानं काम केलं, त्याला नाव मिळालं. मग ज्यानं त्या गाण्याचे सगळे पीस, म्हणजे वाद्यांनी वाजवायचे तुकडे, कागदावर उतरवले, साठ-सत्तर वर्षांपूर्वी पहाटेच्या लोकलनं स्टुडिओ गाठला आणि एका टेकमध्ये ते वाजवून घेतले, त्याचं काय?

अशाच वाजवणाऱ्या माणसांवरचा 'नाचुंया कुंपासार' हा कोकणी चित्रपट तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला असेल, कोण जाणे. बार्ड्रॉय बार्रेतो यांचं दिग्दर्शन. ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा मान मिळाला, कलादिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला आणि पालोमी घोषच्या अभिनयाचा खास उल्लेख झाला. विजय मौर्यनं केलेला लॉरी हा बँडलीडर आणि पालोमीची डोना ही कोवळ्या वयाची गायिका, यांची ही गोष्ट. मुंबईचे नाइटक्लब, गोव्यातली घरं, ध्वनिमुद्रिका, बेबनाव आणि गायिकेचं वर्षानुवर्षं गप्प होऊन जाणं. पडद्यावरची नावं वेगळी असली तरी गोव्यात कुणालाही विचारा, ही गोष्ट बँडलीडर क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांची आहे हे शाळकरी पोरही सांगेल. गाणी तर सगळी क्रिस पेरींचीच, नव्यानं वाजवून आणि गाऊन घेतलेली. मडगावच्या बोर्ड्याचा हा ट्रंपेटवाला २००२ साली गेला. लॉर्ना कॉर्देरो बरीच वर्षं व्यासपीठापासून दूर राहून १९९५ मध्ये पुन्हा गायला उभ्या राहिल्या, तेव्हा पणजीत माणसं लोटली होती.

त्या चित्रपटाचं मला सगळंच आवडलं असं नाही. उत्तरार्धात तो दुःखात जरा जास्तच रमतो. पण त्यात वाजवणारी माणसं पडद्याच्या मधोमध आहेत. कॅमेरा गायिकेवर जितका थांबतो तितकाच ट्रंपेटच्या भोंग्यावर थांबतो. हिंदी चित्रपटांनी वाद्यवृंद पडद्यावर दाखवला तो बहुतेक वेळा नायिकेच्या पाठीमागे, पांढऱ्या कोटात, चेहरे धूसर. इथे त्या धूसर चेहऱ्यांना घर आहे, कर्ज आहे, बायको आहे, बाटली आहे. प्रश्न एवढाच की हे सगळं सांगायला कल्पित नावांची कथा का लागावी? ज्यांच्याकडे खरी नावं होती त्यांनी ती छापली असती तर आज मला चित्रपटाचा आधार घ्यावा लागला नसता.

खरी नावं कोणाकडे होती, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तरीही, हे पत्र तुमच्याखेरीज इतर लोकही वाचणार आहेत, म्हणून गोव्याची ही वाजवणारी माणसं कोण होती ते सांगते. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवलं जाई. नोकरी गोव्यात नव्हती. मुलं मुंबईला यायची, धोबीतलाव-माझगावच्या कुडींमध्ये, म्हणजे आपापल्या गावच्या क्लबात, ट्रंक ठेवून राहायची आणि संस्थानिकांचे बँड, हॉटेलं, मूकपटांची थिएटरं, जिथे मिळेल तिथे वाजवायची. पुढे संस्थानं गेली, मुंबईत दारूबंदी आली, क्लबांचा धंदा बसला, आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, सराईतपणे वाचणारा हा सगळा ताफा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळला. आपल्या चित्रपटसंगीताला नेमकी त्याच वेळी मोठ्या वाद्यवृंदाची भूक लागली होती. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवायचा. अरेंजर ती स्वरलिपीत उतरवायचा, खाली कॉर्ड बसवायचा, अंतऱ्याच्या आधीचे पीस कुठे चेलोला द्यायचे आणि कुठे बासरीला ते ठरवायचा, प्रत्येक वादकाचा कागद वेगळा लिहायचा किंवा लिहवून घ्यायचा, आणि टेकच्या वेळी बहुधा हातात छडी घेऊन समोर उभाही तोच राहायचा. गाणं ऐकताना अंगावर काटा येतो तेव्हा त्यातला काही भाग या कागदांमुळे येतो.

रेइश मागूशचे सेबास्तियन डिसूझा घ्या. फाळणीपूर्वी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात त्यांचा बँड होता. फाळणीनंतर मुंबईत आले आणि शंकर-जयकिशन यांचा तो भरघोस व्हायोलिनांचा आवाज दोन दशकांहून जास्त काळ यांच्या हातून कागदावर उतरला. ओ. पी. नय्यर यांच्यासाठीही त्यांनी काम केलं. या दोन संगीतकारांच्या वाद्यमेळाची तबियत अगदी निराळी, तरी लिहिणारा हात एकच, हे मी कार्यक्रमात सांगते तेव्हा मागच्या रांगेतूनही 'अरे वा' ऐकू येतं.

कुडचड्याचे फ्रँक फर्नांड घ्या. ट्रंपेट वाजवायचे, अनिल विश्वास, रोशन, हेमंतकुमार यांच्यासाठी अरेंजिंग करायचे आणि या कमाईतून त्यांनी १९६३ मध्ये 'आमचें नशीब' आणि १९६६ मध्ये 'निर्मोण' हे कोकणी चित्रपट काढले. हिंदी गाण्यांच्या स्टुडिओत कमावलेला पैसा आपल्या भाषेच्या चित्रपटात घालणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट. आपल्या सी. रामचंद्र ऊर्फ चितळकरअण्णांच्या गाण्यांतला ट्रंपेटचा उधळलेला सूर आठवा. १९५१च्या 'अलबेला'त चिक आणि त्यांचा ताफा पडद्यावरही दिसतो. आमच्या कार्यक्रमात त्या चित्रपटाचं गाणं लागलं की सत्तरीचे आजोबा खुर्ची सोडून उभे राहतात, आणि अण्णांचं नाव घेऊन टाळ्या पडतात. पडायलाच हव्यात. चिकचं नाव मी घेते तेव्हा आधी शांतता होते. गोव्याच्या या माणसाचं नाव अण्णांच्या महाराष्ट्रातही पोचलं नाही, तर ते दिल्लीत आणि लखनौत कुठून पोचणार?

आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. हे नाव भारतातल्या रिक्षावाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर येऊन ते म्हणतो. ते नाव एका खऱ्या माणसाचं आहे, तो माणूस या चित्रपटाच्या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांचा व्हायोलिनचा गुरू होता आणि शिष्यानं ती गुरुदक्षिणा दिली होती, हे सांगितलं की प्रेक्षक हसायचे थांबतात. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी भारतीय रागांवर रचलेलं संगीत पूर्ण वाद्यवृंदासह सादर केलं, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. १९६५च्या सुमारास ते अमेरिकेला गेले, परत येऊन माजोर्ड्यात निवांत राहिले आणि २०१२ मध्ये वारले. मराठी समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, म्हणून निदान त्यांचा चेहरा तरी राहिला. तुमच्या श्रेयपानांवर मात्र हे नाव गाण्याच्या मुखड्यातच सापडेल, वाजवणाऱ्यांच्या रकान्यात नाही.

आता तक्रारी.

अरेंजरसाठी तुमच्या श्रेयपानावर रकानाच नाही, किंवा असला तरी जुन्या गाण्यांना तो भरलेला नाही, ही पहिली. माहिती नाही हे उत्तर मला मान्य नाही. शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी चित्रपटांच्या नामावलीत सहायक म्हणून दत्ताराम आणि सेबास्तियन ही दोन नावं पडद्यावर येतात. (दत्ताराम वाडकरही गोव्याच्याच मातीतले, म्हणजे त्या पाटीवरची दोन्ही नावं गोव्याची.) चित्रपट तुमच्याकडे किंवा तुमच्या शेजारच्या खात्याकडे आहे. एखाद्या विद्यार्थ्याला बसवून पहिली पाच मिनिटं पाहायला लावली तरी शेकडो गाण्यांचे रकाने भरतील. पडद्यावर जे नाव होतं ते तबकडीवर आलं नाही, तबकडीवर जे होतं ते कॅसेटवर आलं नाही आणि कॅसेटवर जे थोडंबहुत उरलं ते अ‍ॅपवर आलं नाही. प्रत्येक बदलात आवाज स्वच्छ होत गेला आणि नावं गळत गेली.

दुसरी वर्षांबद्दल. १९५०च्या गाण्यापुढे तुम्ही संकलनाचं किंवा अपलोड केल्याचं वर्ष छापता. लहान बाब वाटेल. पण कोणत्या साली कोण कोणासाठी वाजवत होतं, हे शोधणाऱ्याच्या हातातलं एकमेव सूत्र वर्ष असतं. तेच चुकीचं दिलं की पुढचा शोध तिथेच खुंटतो.

कागदांबद्दलची तक्रार मला सगळ्यात जास्त सलते. सगळे पीस हातानं लिहिलेले होते. वादकांची हजेरी, मोबदल्याच्या पावत्या, स्टुडिओच्या नोंदी, स्वरलिपीचे गठ्ठे, हे कुठेतरी होतं. त्यातलं काय उरलं आणि काय रद्दीत गेलं, तुमच्यापैकी कोणीही जाहीरपणे सांगितलेलं नाही. आमच्या कार्यक्रमांत व्हायोलिन वाजवणारे एक ज्येष्ठ सर आहेत. गोव्याचे नाहीत, गिरगावचे. तरुणपणी त्यांनी ध्वनिमुद्रणाच्या मोठ्या ताफ्यात शेवटच्या खुर्चीवर बसून वाजवलं. एका कंपनीकडे त्यांनी पत्र पाठवून विचारलं, मी अमुक चित्रपटाला वाजवलं होतं, त्याची नोंद मिळेल का? पैसे नको होते त्यांना. नातीला दाखवायचं होतं. उत्तर आलं नाही. या वादकांच्या मुलाखती घेऊन त्यांचं जग नीट ग्रंथात मांडलं ते ग्रेगरी बूथ या ऑकलंडच्या प्राध्यापकानं, २००८ मध्ये. न्यूझीलंडहून माणूस येऊन दादर-वांद्र्याच्या जिन्यांवर चढला, आणि इथल्या तुमच्या कचेऱ्यांना खालच्या मजल्यावरचं कपाट उघडवलं नाही.

कोकणी ध्वनिमुद्रिकांचीही तीच गत. क्रिस पेरींच्या रचनांत त्या काळचे उत्तम जॅझ वादक वाजवत होते. आज त्या गाण्यांच्या यादीत गायिकेच्या नावाचं स्पेलिंग तीन प्रकारचं, आणि वादकांची ओळ कोरी.

मला दोन उत्तरं अपेक्षित आहेत, ती आधीच घेते. पहिलं असं की संगीतकाराचं श्रेय तुम्ही कमी करता आहात. मुळीच नाही. चाल संगीतकाराची, निवड त्याची, शेवटचा शब्द त्याचा. कोणता पीस कोणाच्या डोक्यातून आला यावर जुन्या मंडळींतही वाद आहेत आणि ते मिटवायची माझी लायकी नाही. अरेंजरचं नाव लिहिल्यानं संगीतकार लहान होत असेल तर आपल्या मराठीत अनिल मोहिले यांचं नाव संगीत संयोजक म्हणून आदरानं घेतलं जातं, त्यामुळे कोणता संगीतकार लहान झाला, ते दाखवा.

दुसरं उत्तर कायद्याचं. ते मी वकील मैत्रिणीकडून समजून घेतलं. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात कलाकाराला आपलं नाव लावलं जाण्याचा हक्क आहे. पण 'कलाकार' कोण, याच्या व्याख्येला एक शेपूट जोडलं आहे: चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत दिलं जात नाही, त्याला कलाकार समजू नये, त्याच्या कामाची मोडतोड झाल्यास तक्रार करण्यापुरता अपवाद. साठ व्हायोलिनांचं वादन प्रासंगिक असतं असं कोणी म्हणेल असं मला वाटत नाही. पण त्या वाक्याची दिशा पाहा. नाव द्यायचा रिवाज नव्हता, म्हणून नावावर हक्क नाही. रिवाज कोणी पाडला? ज्यांनी नाव दिलं नाही त्यांनीच. अरेंजरला तर या कायद्यात स्वतंत्र जागाच नाही. ठीक आहे, मी न्यायालयात जाणारी नाही. नाव देऊ नका असंही कुठला कायदा सांगत नाही. शिवाय ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षं टिकतो, म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची ध्वनिमुद्रणं तुमच्या हक्कातून सुटलीही आहेत. त्या गाण्यांपुरता तरी नाव लिहिण्यात कसला धोका आहे, ते मला कळलेलं नाही.

मागण्या साध्या आहेत.

श्रेयपानावर संगीत संयोजक, वाद्यवृंद संचालक आणि मुख्य एकल वादक असे तीन रकाने करा. चित्रपटांच्या नामावलीत जी नावं आहेत ती पहिल्या वर्षात भरा. उरलेल्या जागी 'नोंद उपलब्ध नाही' असं लिहा, कोरं ठेवू नका, म्हणजे शोधणाऱ्याला निदान कळेल की इथे कोणीतरी होतं.

गाण्याचं मूळ प्रकाशनवर्ष वेगळं दाखवा.

रिमिक्स, लो-फाय आणि तत्सम आवृत्त्यांवर मूळ संयोजकाचं आणि वादकांचं नाव नव्या मुलाच्या नावाच्या आधी लावा.

उरलेले कागद मोजा, यादी जाहीर करा, छायाप्रती करा. एक प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात द्या आणि गोव्याच्या वादकांशी संबंधित जे असेल त्याची दुसरी पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात. अभ्यासकांना ते पाहायला परवानगीची चिठ्ठी लागू नये.

वादकांच्या घरच्यांना पुरावा पाठवायला एक पत्ता द्या. त्यांच्याकडे जुनी करारपत्रं असतात, फोटो असतात, स्वरलिपीच्या वह्या असतात. पत्र आलं की नव्वद दिवसांत हो किंवा नाही, कारणासह, लेखी कळवा. गिरगावच्या आमच्या सरांना एवढंच हवं होतं. वादकांची जी संघटना आहे तिला या कामात सोबत घ्या. तिथल्या जुन्या सभासदांना जे तोंडपाठ आहे ते अजून काही वर्षंच ऐकायला मिळणार आहे.

रॉयल्टीचा विषय मी मुद्दाम काढलेला नाही. तो मोठा आहे, तो वादकांनी आणि त्यांच्या वारसांनी काढावा, मी त्यांच्या बाजूनं उभी राहीन. हे पत्र फक्त नावांपुरतं आहे, आणि नावांना पैसे लागत नाहीत.

तुमच्यापैकी काही कंपन्या दर वर्षी एखाद्या संगीतकाराची जन्मशताब्दी साजरी करतात. गाण्यांच्या संचाच्या पेट्या निघतात, पुस्तिका निघते, चकचकीत फोटो असतात. पुढची पेटी काढाल तेव्हा त्या पुस्तिकेत वाद्यवृंदाचं एक पान ठेवा. मी ती विकत घेईन आणि रंगमंचावरून त्या पानावरची सगळी नावं वाचून दाखवीन. कार्यक्रम दहा मिनिटांनी लांबेल. नाट्यगृहवाले जास्तीचं भाडं लावतात, ते आम्ही भरू.

या पत्राचं उत्तर मला खाजगीत नको. जाहीर द्या, म्हणजे ज्यांची माणसं वाजवून गेली त्यांनाही ते वाचता येईल.

आपली,
जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांची एक निवेदिका,
ठाणे